प्रायमावेरा हातचा मळ, तरी पीएमआय-एसपीचा पेपर का अडतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "खारघरला राहतो, सिव्हिलची डिग्री, कॉन्ट्रॅक्टरकडे प्लॅनिंगमध्ये सहा वर्षं झाली. सध्या ठाण्याच्या बाजूला एका पुलाच्या कामावर आहे. प्रायमावेरा हातचा मळ आहे. पीएमआय-एसपी द्यायचं ठरवलंय, पण सराव परीक्षांत साठ टक्क्यांच्या वर सरकतच नाही. साइटवरून घरी पोहोचायला आठ वाजतात. क्लास लावू का?"

(प्रायमावेरा म्हणजे शेड्यूल बनवायचं सॉफ्टवेअर; पीएमआय-एसपी म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटची, पीएमआयची, शेड्यूलिंगची परीक्षा.) क्लासचं नंतर बोलू. आधी ते साठ टक्के. हे गाऱ्हाणं माझ्याकडे घेऊन येणारे बहुतेक जण सॉफ्टवेअर चालवण्यात माझ्यापेक्षा चपळ असतात, त्यामुळे अडतं ते तिथे नाही. आपल्याकडे साइटवर शेड्यूल बनतं ते मंजुरीसाठी. शेवटची तारीख टेंडरमध्ये आधीच छापलेली असते, कन्सल्टंटला तीच दिसायला हवी असते, आणि आपण शेवटाकडून मागे येत लॉजिक भरत बसतो. पेपर काढणाऱ्याच्या डोक्यात मात्र उलटं असतं. तारीख लॉजिकमधून निघाली पाहिजे, आणि ती तीच का निघाली हे प्लॅनरला सांगता आलं पाहिजे. सहा वर्षांत लागलेल्या दोन-चार सवयी पेपरमध्ये आपल्यालाच आडव्या येतात. त्या ओळखून बाजूला ठेवल्या की उरलेला अभ्यास नोकरी करून होण्यासारखा आहे.

पेपरची रचना एकदा बघून घ्या. १७० प्रश्न, साडेतीन तास, म्हणजे एका प्रश्नाला साधारण ७४ सेकंद. यातले २० प्रश्न मोजले जात नाहीत, पण ते कोणते हे कळत नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा कोरं काहीही सोडायचं नाही. पास व्हायला किती लागतात हे पीएमआय जाहीर करत नाही, म्हणून कोणी अमुक टक्के म्हणून छातीठोकपणे सांगत असेल तर ऐकून सोडून द्या. प्रश्न पाच भागांत वाटलेले आहेत: शेड्यूल स्ट्रॅटेजी १४ टक्के, प्लॅनिंग आणि डेव्हलपमेंट ३१, मॉनिटरिंग आणि कंट्रोलिंग ३५, क्लोजआउट ६, आणि स्टेकहोल्डर कम्युनिकेशन १४. पहिला आणि शेवटचा भाग मिळून २८ टक्के होतात. साइटवरचे प्लॅनर हे दोन भाग "थिअरी आहे, वाचून घेऊ" म्हणून मागे टाकतात. तुमच्या सराव परीक्षांचे निकाल भागवार काढून बघा. गळती तिथे दिसली तर मला नवल वाटणार नाही.

आता हाताने गणित. लॅपटॉप बंद करून वहीत करायचं. पुलावरचेच आहात, तर तुमच्याच कामातलं छोटं जाळं घेऊ. पाइलिंग (जमिनीतले पायाचे खांब) १२ दिवस, त्यानंतर पाइल कॅप (त्यांच्यावरचा काँक्रीटचा ठोकळा) ८ दिवस, त्यानंतर पियर (पुलाचा वरचा खांब) ७ दिवस. दुसरीकडे यार्डात गर्डर (पुलाची तुळई) कास्टिंग १५ दिवस, त्यानंतर स्ट्रेसिंग (आतल्या तारा ताणणं) ६ दिवस. पियर आणि स्ट्रेसिंग दोन्ही झाल्यावर लाँचिंग (गर्डर जागेवर बसवणं) ३ दिवस. सगळे दुवे साधे फिनिश-टू-स्टार्ट (एफएस), म्हणजे आधीचं संपलं की पुढचं सुरू.

पुढून मोजत गेलं तर पियर २७व्या दिवशी संपतो, स्ट्रेसिंग २१व्या दिवशी, आणि लाँचिंग ३०व्या दिवशी. पियरची वाट क्रिटिकल, म्हणजे सगळ्यात लांब; तिथला उशीर थेट शेवटावर येतो. यार्डाच्या वाटेवर ६ दिवसांचा टोटल फ्लोट (शेवटची तारीख न हलता खपणारा उशीर) आहे, कास्टिंगलाही ६ आणि स्ट्रेसिंगलाही ६. पण फ्री फ्लोट, म्हणजे लगेचच्या पुढच्या कामालाही धक्का न लावता खपणारा उशीर? कास्टिंगचा शून्य, स्ट्रेसिंगचा ६. कास्टिंग एक दिवस जरी रेंगाळलं तरी स्ट्रेसिंग ढकललं जातंच. वाटेवरचे ६ दिवस दोघांत मिळून आहेत, प्रत्येकी ६ नाहीत. कास्टिंगने ४ खाल्ले की स्ट्रेसिंगच्या वाट्याला २ उरतात. सॉफ्टवेअर दोन्ही ओळींसमोर ६ दाखवतं, आणि यार्ड इन्चार्ज व स्ट्रेसिंगची एजन्सी दोघंही तो आकडा आपला समजून निवांत होतात. पेपरमध्ये यावर हमखास प्रश्न येतात आणि पर्यायांत "६" मुद्दाम ठेवलेला असतो.

आता यात रेल्वेचा ब्लॉक आणू. रुळांवरून गर्डर टाकायचा आहे आणि ब्लॉक असा मिळालाय की लाँचिंग २८व्या दिवशी संपलंच पाहिजे. मागून मोजत या: लाँचिंगला उशिरात उशिरा २५वा दिवस संपताच सुरुवात व्हायला हवी, पियर मात्र २७ला संपतोय. पियर, पाइल कॅप, पाइलिंग, तिघांचाही फ्लोट उणे २. यार्डाच्या वाटेचा फ्लोट ६ चा ४ झाला.

इथे आपली पहिली सवय आडवी येते. कन्सल्टंटकडे उणे फ्लोट पाठवला तर शेड्यूल परत येणार, म्हणून आपण लाँचिंगवर मँडेटरी फिनिश टाकतो आणि बार चार्ट छान सरळ दिसतो. मँडेटरी कन्स्ट्रेंट (तारखेवर लादलेली अट) लॉजिक मोडूनही तारीख पकडून ठेवतो. म्हणजे पियर २७ला पूर्ण होणार आणि त्यावरचं लाँचिंग २५ संपताच सुरू, असं कागदावर बिनदिक्कत उभं राहतं. त्याऐवजी "फिनिश ऑन ऑर बिफोर" लावला तर तो फक्त मागून येणाऱ्या मोजणीवर परिणाम करतो. लवकरच्या तारखा खऱ्या राहतात आणि दोन दिवस कमी पडतायत हे स्पष्ट दिसतं. पेपरच्या दृष्टीने उणे फ्लोट ही माहिती आहे. ती झाकायची नसते, घेऊन बोलायला जायचं असतं. असा प्रश्न आला आणि पर्यायांत "कन्स्ट्रेंट बदलून तारीख जुळवा", "बेसलाइन (मंजूर झालेलं मूळ शेड्यूल) पुन्हा काढा", "क्रिटिकल वाटेवरचे पर्याय तपासून प्रोजेक्ट मॅनेजरसमोर मांडा" अशी वाक्यं दिसली, तर साइटवर काय केलं असतं ते विसरा आणि तिसऱ्याकडे जा.

दोन दिवस वाचवायचे कसे, हाही पेपरचा आवडता विषय. पैसे ओतून कालावधी कमी करणं म्हणजे क्रॅशिंग. ते क्रिटिकल वाटेवरच, आणि दिवसामागे सगळ्यात कमी खर्च जिथे आहे तिथून. एकामागची एक कामं अंशतः एकत्र चालवणं म्हणजे फास्ट ट्रॅकिंग. त्यात जोखीम वाढते. यार्डात जादा शिफ्ट लावून या पुलाचा एक तासही वाचत नाही. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी मीटिंगमध्ये पहिला निर्णय "यार्डात मनुष्यबळ वाढवा" हाच होतो, कारण ते वाढवणं सोपं असतं.

कॅलेंडरवर जरा जास्त वेळ घालवा. प्रश्न फार येतात म्हणून नव्हे; कॅलेंडर नीट कळलं की फ्लोट आपोआप कळतो. आपल्याकडे भरावाचं आणि रस्त्याचं काम जून ते सप्टेंबर बंद धरतात. भरावाचा शेवटचा एक दिवस ३१ मेच्या पुढे गेला की तो थेट ऑक्टोबरात उगवतो. मे महिन्यातला एक दिवस आणि डिसेंबरातला एक दिवस सारखे नसतात, आणि टोटल फ्लोटच्या रकान्यात हे सांगणारं काही नसतं. घोडबंदर रोडला अवजड वाहनांवर वेळेचं बंधन आलं की ट्रान्झिट मिक्सर रात्रीच येणार. तुमच्या काँक्रीटचं कॅलेंडर वेगळं झालं. आठवड्याचे सहा दिवस चालणारी आणि सातही दिवस चालणारी कामं एकाच वाटेवर आली की प्रत्येकाचा फ्लोट त्याच्या त्याच्या कॅलेंडरमध्ये मोजला जातो. मग सलग वाटेवर एकाला शून्य आणि पुढच्याला १ किंवा २ असं दिसू लागतं. "फ्लोट शून्य तेच क्रिटिकल" ही व्याख्या अशा वेळी तोकडी पडते आणि लाँगेस्ट पाथ, म्हणजे शेवटापर्यंतची सगळ्यात लांब साखळी, बघावा लागतो.

लॅगचंही, म्हणजे दोन कामांमध्ये मुद्दाम ठेवलेल्या थांब्याचंही, तसंच. पाइल कॅपनंतर क्युरिंगसाठी एफएस अधिक ७ टाकलं, पण तो ७ कोणत्या कॅलेंडरचा? सहा दिवसांच्या आठवड्याचा धरला तर प्रत्यक्षात आठ दिवस जातात. काँक्रीट रविवारी सुटी घेत नाही. शिवाय लॅगमध्ये काम दडलेलं असेल तर त्यावर प्रगती नोंदवता येत नाही, म्हणून क्युरिंग स्वतंत्र अ‍ॅक्टिव्हिटी ठेवणं बरं. अमेरिकी संरक्षण खात्याकडून आलेल्या डीसीएमएच्या १४ कसोट्या तुम्ही ऐकल्या असतील: लीड (उणे लॅग) अजिबात नको, लॅग ५ टक्क्यांच्या आत, कडक कन्स्ट्रेंट ५ टक्क्यांच्या आत, ४४ दिवसांहून जास्त फ्लोट किंवा कालावधी असलेली कामं तपासा, ९० टक्के दुवे साधे एफएस. हे आकडे पाठ करून फारसं मिळणार नाही. एका रविवारी तुमचंच चालू शेड्यूल या कसोट्यांवर लावा. नापास झालेल्या प्रत्येक ओळीसमोर हे असं का झालं ते लिहा: कन्सल्टंटच्या आग्रहामुळे, घाईत, की खरंच तांत्रिक कारण आहे म्हणून. त्या एका दिवसात सराव परीक्षेपेक्षा जास्त शिकाल. (आणि सोमवारी ऑफिसात थोडे गप्प बसाल.)

दुसरी सवय अपडेटची. महिनाअखेरीला आपण फोरमनला विचारतो, "किती टक्के झालं?" तो म्हणतो ऐंशी. पुढच्या महिन्यात पंच्याऐंशी. त्याच्या पुढच्या महिन्यात नव्वद. हा आकडा बिलाशी बांधलेला असतो, कामाशी नाही. शेड्यूलला हवे असतात प्रत्यक्ष सुरुवात, प्रत्यक्ष शेवट आणि उरलेले दिवस. विचारायचं ते "अजून किती दिवस लागतील?" डेटा डेटच्या, म्हणजे अपडेट ज्या तारखेपर्यंतचं आहे तिच्या, पुढे एकही प्रत्यक्ष तारीख नको, आणि मागे न झालेलं काम राहायला नको. मॉनिटरिंगचे ३५ टक्के गुण याच गोष्टीभोवती फिरतात.

इथेच आउट-ऑफ-सीक्वेन्सचा, म्हणजे क्रम मोडून झालेल्या कामाचा, प्रश्न येतो. सगळं पाइलिंग संपायच्या आधीच पहिल्या ग्रुपचं पाइल कॅप सुरू झालं. सॉफ्टवेअरच्या रिटेन्ड लॉजिक या सेटिंगमध्ये पाइल कॅपचं उरलेलं काम पाइलिंग संपेपर्यंत थांबतं, तारखा लांबतात. प्रोग्रेस ओव्हरराइडमध्ये तो दुवा सोडून दिला जातो, तारखा आकसतात. आपल्याकडे महिन्याच्या रिपोर्टात जी तारीख गोड दिसेल ते बटण दाबलं जातं. खरं उत्तर दोन्हींत नाही. दुवाच चुकीचा होता. पाइलिंग ग्रुपवार तोडून प्रत्येक ग्रुपला त्याचं त्याचं पाइल कॅप जोडायला हवं होतं. सेटिंग विचारणाऱ्या प्रश्नात "आधी लॉजिक तपासा" असा पर्याय असेल तर बहुधा तोच बरोबर.

अर्न्ड व्हॅल्यूची सूत्रं तुम्हाला येत असणारच. त्यांचा अर्थ पक्का करा. वरच्याच पुलावर समजा यार्डाने झपाट्याने गर्डर ओतले, स्ट्रेसिंगही उरकलं, मोठं बिल निघालं. पाइलिंग मात्र जमिनीखालच्या केबलमुळे अडकलंय. एसपीआय (झालेल्या कामाची किंमत भागिले तोवर ठरलेल्या कामाची किंमत) १.१ येईल आणि पूल उशिरा होईल. दोन्ही एकाच वेळी खरं. एसपीआय रुपये मोजतो, क्रिटिकल वाट नाही. दुसरी गंमत शेवटाकडे. १० कोटींचं काम १० महिन्यांत, दरमहा एक कोटी. ते १२व्या महिन्यात संपलं. शेवटी झालेल्या कामाची किंमत (ईव्ही) १० कोटी, ठरलेल्या कामाची (पीव्ही) १० कोटी, एसपीआय बरोबर १. दोन महिने उशीर झालेल्या कामाचा एसपीआय नीटनेटका १ दाखवतो. वॉल्ट लिप्के यांनी २००३ मध्ये मांडलेलं अर्न्ड शेड्यूल हेच दुरुस्त करतं: मिळवलेला काळ १० महिने, प्रत्यक्ष १२, भागाकार ०.८३.

तीन अंदाजांचं गणित सोपं आहे, वेळ दवडू नका. केबल हलवायला कमीत कमी १० दिवस, बहुधा १४, फार फार तर ३०. (१० + ४ × १४ + ३०) ÷ ६ = १६ दिवस; प्रमाण विचलन (३० − १०) ÷ ६, म्हणजे ३.३. साइट इंजिनिअर १४ म्हणतो, सरासरी १६ निघते, आणि आपण १० टाकतो. यापेक्षा लक्षात ठेवण्यासारखं आहे ते दोन वाटा एकत्र येण्याचं. दोन्ही वाटांना जवळपास सारखाच वेळ लागणार असेल, प्रत्येकीची वेळेत पोहोचायची शक्यता ५० टक्के असेल आणि एकीचा दुसरीशी संबंध नसेल, तर लाँचिंग वेळेत सुरू व्हायची शक्यता २५ टक्केच उरते. क्रिटिकल वाटेवरच डोळे लावून बसणाऱ्यांना हे पचत नाही.

आता स्ट्रॅटेजी आणि कम्युनिकेशनच्या त्या २८ टक्क्यांकडे. इथे साइटची तिसरी सवय नडते: वरून सांगितलं की करायचं. प्रश्न असे येतात: क्लायंटने तोंडी सांगितलं की एक टप्पा महिनाभर आधी हवा, प्लॅनरने आधी काय करावं? आपला हात आपोआप "शेड्यूल सुधारून पाठवा"कडे जातो. पेपर काढणाऱ्याला हवा असतो हा क्रम: परिणाम तपासा, संबंधितांशी बोला, ठरलेल्या चेंज कंट्रोलमधून न्या, मंजुरी आली की मगच बेसलाइनला हात लावा. कोणाला किती तपशील दाखवायचा हेही विचारतात. डायरेक्टरला पानभर माइलस्टोन, फोरमनला तीन आठवड्यांचं लुक-अहेड, आणि दोन्ही एकाच मॉडेलमधून निघालेले. बार चार्ट हे त्या मॉडेलचं एक रूप आहे, मॉडेल नव्हे. पीएमआय हा फरक काटेकोरपणे पाळतं.

प्रश्नात "आधी", "सगळ्यात योग्य", "वगळता" हे शब्द कुठे आहेत ते पर्याय वाचण्याआधी पकडा. इंग्रजी कच्चं आहे म्हणून मार्क जातात असं बरेच जण सांगतात. मला तसं दिसत नाही. घाईत हा एक शब्द सुटतो, एवढंच.

वाचायचं काय? पीएमआयच्या साइटवरचा परीक्षेचा आराखडा आधी, तो फुकट आहे. मग प्रॅक्टिस स्टँडर्ड फॉर शेड्यूलिंगची २०१९ची तिसरी आवृत्ती. हे पातळ पुस्तक दोनदा वाचायचं. पीएमबॉक या पीएमआयच्या मुख्य मार्गदर्शक पुस्तकाची २०१७ची सहावी आवृत्ती कुणाकडे मिळाली तर त्यातला शेड्यूलचा धडा घ्या, कारण २०२१च्या सातव्या आवृत्तीत तो तसा राहिलेला नाही. यापलीकडे प्रश्नसंचांचा ढीग जमवू नका. एकच चांगला संच घ्या आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नासमोर एका ओळीत कारण लिहा: गणित चुकलं, शब्द सुटला, की साइटची सवय आडवी आली. तिसऱ्या प्रकारच्या ओळी कमी होऊ लागल्या की साठाचे पंच्याहत्तर व्हायला लागतात.

आठ वाजता घरी आल्यावर अभ्यास होतो असं मी कुणाला सांगत नाही. होत नाही. ठाणे-पनवेल गाडीत बसायला जागा मिळत असेल तर तो वेळ वाचनाला ठेवा. वहीतली गणितं पहाटे किंवा जेवणाच्या सुटीत साइट ऑफिसमध्ये. पूर्ण साडेतीन तासांची सराव परीक्षा फक्त सुटीच्या दिवशी, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. तीन महिने धरा. काम ऐन भरात असेल तर चार.

आणि क्लास. डिग्री असलेल्यांना अर्जासाठी शेड्यूलिंगच्या शिक्षणाचे ३० तास दाखवावे लागतात, तेवढ्यासाठी एखादा कोर्स करावाच लागतो. तो ऑनलाइन करा, वाशी-ठाण्यात प्रत्यक्ष बसायला जायची गरज नाही. कोर्स निवडताना एवढंच विचारा की हाताने नेटवर्क सोडवून घेतात का. सॉफ्टवेअरची बटणं शिकवणारे वर्ग पुष्कळ आहेत, त्यातलं तुम्हाला सगळं येतंच.

अर्जात अनुभव लिहिताना "प्रायमावेरामध्ये शेड्यूल बनवलं" अशी वाक्यं नकोत. काय ठरवलं, कुणाशी बोलून क्रम लावला, अपडेटची पद्धत काय होती, विलंबाचं विश्लेषण कसं केलं, हे परीक्षेच्या पाच भागांच्या भाषेत लिहा. अनुभव अलीकडच्या पाच वर्षांतला मोजला जातो आणि एकाच काळातली दोन कामं दोनदा धरता येत नाहीत. काही अर्ज ऑडिटला काढतात, त्यात तुमच्या जुन्या वरिष्ठांची सही लागते. फॉर्म भरायच्या आधीच त्यांना फोन करून ठेवा. नोकरी सोडताना खटके उडालेल्या साहेबांचं नाव टाकलंत तर ऐन वेळी तेच अडून बसतील.

परीक्षा पिअर्सन व्ह्यूमार्फत होते, सेंटरवर किंवा घरून. घरात लहान मूल असेल, वीज लपंडाव खेळत असेल तर सेंटर घ्या. तारीख मात्र जुलै-ऑगस्टची घेऊ नका. त्या दिवसांत रुळांवर पाणी आलं की मुंबईतलं सेंटर आणि खारघर यांच्यातलं अंतर कोणत्याही कॅलेंडरमध्ये बसत नाही. ऑक्टोबरनंतर साइट पुन्हा जोरात येईल, म्हणून सप्टेंबरच्या अखेरीची तारीख आत्ताच बघून ठेवा. पहिल्यांदा राहिलंच, तर एका वर्षाच्या मुदतीत तीन वेळा बसता येतं, फक्त दर वेळी फी वेगळी. पास झाल्यावर दर तीन वर्षांनी ३० पीडीयू (पुढच्या शिक्षणाचे गुण) जमवून नूतनीकरण करावं लागतं, तेव्हा कोर्सची प्रमाणपत्रं सांभाळून ठेवा.